नाव आणि हिशेब

"आधी तुमच्या दृष्टीने मोलाचं काय ते ठरवा, मग पैसा कुठे लावायचा ते ठरवा." हल्ली गुंतवणूक सल्लागार असं सांगतात. चांगलं सांगतात. पण हे ऐकलं की मला आमच्या अलिबाग तालुक्यातलं चरी आठवतं. तिथल्या माणसांकडे लावायला पैसाच नव्हता. तरीही आपल्या घरांत आज जी काही पुंजी आहे, तिची सुरुवात मला तिथे दिसते.

खारेपाटातली ही भातशेती. भरतीचं पाणी अडवायला बांध घालायचे, ते राखायचे, चिखलात उतरायचं ते कुळांनी, आणि जमीन खोताची. खोत सरकारात सारा भरी आणि कुळाकडून खंड घेई तो भाताच्या रूपात. पीक बुडालं तरी खंड चुकत नसे. बाकी राहिली की ती कर्ज म्हणून चढे, त्यावर व्याज चढे. शिवाय वेठ होतीच. कबुलायतीवर अंगठा घ्यायचा, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या कसूनही कूळ म्हणून कागदावर हक्काची नोंद नाही. आणि हिशेबाची वही नेहमी खोताच्या घरी!

गरिबी म्हणजे फक्त पैसा नसणं नव्हे, आपल्या नावावर काय आहे आणि आपण किती देणं लागतो हे दुसऱ्यानेच सांगायचं, हीसुद्धा गरिबीच. असं मला वाटतं.

२७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने चरीला सभा झाली आणि संप ठरला. खंड वाजवी होईपर्यंत जमीन कसायची नाही. चरी आणि आसपासची मिळून २५ गावं त्यात होती. मागण्या वाचल्या तर त्यात मोठमोठे शब्द नाहीत. कूळ म्हणून आमची नोंद करा, खंड पिकाच्या मानाने घ्या, मुख्य पिकाखेरीज दुसरं काही लावलं तर त्यावर खंड मागू नका. म्हणजे दोनच गोष्टी: नाव आणि हिशेब.

विचार करा, शेतकऱ्याने स्वतःच शेत पडीक ठेवायचं! तेही एक हंगाम नाही, १९३९ पर्यंत. लोकांनी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासे धरले, दुसऱ्या गावी मजुरीला गेले, अर्धपोटी राहिले. आजच्या भाषेत सहा वर्षं बिनपगारी, आणि शिल्लक शून्य. एकट्यादुकट्याने कुणी हे निभावलं नसतं. गावं एकमेकांना धरून राहिली, तोच त्यांचा विमा.

१९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला. पुढे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी लक्ष घातलं आणि १९३९ च्या कायद्याने कुळाला पहिल्यांदा संरक्षण मिळालं. मग १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कसणारा मालक ठरला. फुकट नव्हे हं, किंमत ठरवून, हप्त्यांनी फेडून. फेड पूर्ण झाली की कलम ३२-म चं प्रमाणपत्र मिळे. आमच्याकडे ते देवघराखालच्या पेटीत असायचं, सोन्याच्या शेजारी.

आता मुद्द्याचं. ती जमीन विकायला पूर्वी सरकारी परवानगी लागायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. दलालांचे फोन आपल्या सगळ्यांनाच येतात. विकूच नये असं मी म्हणणार नाही. कुणाला मुलाच्या शिक्षणाला पैसा हवा आहे, कुणाला दवाखान्याला, आणि कसायला माणसं कुठे आहेत?

पण भाव विचारण्याआधी घरात बसून दोन गोष्टी कराव्यात. एक, आलेला पैसा कशासाठी, तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून कागदावर लिहायचा. दुसरी जरा टोचेल. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच वाटा दिला. तरी आपल्याकडे व्यवहार ठरला की बहिणींना तालुक्याला नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. रक्कम किती, तेही पुष्कळदा सांगत नाहीत. भाऊबीजेला साडी दिली की झालं.

कागद पुढे करायचा, सही घ्यायची, वही मात्र दाखवायची नाही. ही रीत कुणाची होती, ते चरीच्या लोकांना विचारायला नको. ज्यांच्या पणज्या-आज्यांनी सहा वर्षं चूल कशीबशी पेटती ठेवून नाव मिळवलं, त्यांच्याच लेकींचं नाव सातबाऱ्यावरून असं गुपचूप जाऊ नये. एखादी बहीण आपखुशीने सोडेल, ती गोष्ट वेगळी, पण आकडा कळल्यावर!

दिवाळीला सगळे जमणार आहोत, तेव्हा सातबारा काढून आणतो. बहिणींनो, तुम्हीही या.