हनुका सणातील तळणीचे पदार्थ

ज्यूंच्या हनुका या दीपोत्सवात खाण्यात येणारे तेलातील वा चरबीतील पदार्थ. किस्लेव्ह महिन्याच्या २५ तारखेपासून (नोव्हेंबर–डिसेंबर) आठ दिवस हा सण चालतो. सिल्यूसिड राजा चौथा अँटायओकस याने भ्रष्ट केलेले जेरूसलेमचे मंदिर जूडास मॅकाबीअसने इ. स. पू. १६४ मध्ये शुद्ध करून पुन्हा ईश्वरार्पण केले, त्या घटनेचे हे स्मरण होय. एका दिवसापुरते तेल आठ दिवस जळत राहिल्याची कथा मात्र मॅकाबीजच्या पहिल्या ग्रंथात आढळत नाही. ती पुढे तालमूदमध्ये येते. तळणीचा संबंध जोडला जातो तो याच कथेशी.

प्रथा जुनी असली, तरी पदार्थ स्थलकालानुसार बदलत गेले. बाराव्या शतकात मायमॉनिडीझचे वडील रब्बी मायमोन यांनी या सणात ‘स्फेंज’ तळण्याचा रिवाज क्षुल्लक मानू नये, असे बजावले होते. स्फेंज म्हणजे आंबविलेल्या सैल पिठाची तळलेली कडी. मोरोक्कोतील मुसलमानही ती खातात. अरबी प्रदेशांतील ज्यूंच्या ‘झलाबिया’चे नाव तर आपल्या जिलेबीच्या नावाचेच मूळ आहे.

यूरोपात चीजच्या धिरड्यांना वेगळा आधार मिळाला. ज्यूडिथने शत्रूच्या सेनापतीला चीज खाऊ घालून व मद्य पाजून त्याचा शिरच्छेद केला, अशी मध्ययुगीन कथा होती. सोळाव्या शतकात मोझेस इसर्लीस यांनी हनुकात चीज खाण्याच्या चालीची नोंद केली. उत्तरेकडे ऑलिव्ह तेल दुर्मिळ व महाग. तेथे हंसाची चरबी वापरीत. मांस व दूध एकत्र न करण्याच्या धर्मनियमामुळे त्या चरबीत चीज चालत नसे. आज परंपरेचे प्रतीक मानला जाणारा ‘लाटके’ हा किसलेल्या बटाट्याचा चपटा वडा वस्तुतः अलीकडचा, कारण पूर्व यूरोपात बटाट्याची लागवड एकोणिसाव्या शतकात सार्वत्रिक झाली.

इझ्राएलमध्ये जॅम भरलेली, मूळ जर्मन वळणाची ‘सुफगानिया’ लोकप्रिय आहे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या हिस्टाड्रुट या कामगार संघटनेने तिला उत्तेजन दिले. लाटके घरोघर करता येतात. सुफगानिया बहुधा बेकरीतून आणावी लागते व त्यामुळे ज्यू कामगारांना काम मिळते, हा त्यामागील हिशेब.

कोकणातील बेने इझ्राएल समाज तेलाच्या घाण्यांवर उपजीविका करी आणि शनिवारी घाणे बंद ठेवी. म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाच्या चमत्काराचा हा सण मात्र त्यांना अन्य ज्यूंशी संपर्क येईपर्यंत अपरिचित होता.