स्टीफन्स, फादर थॉमस

(सु. १५४९–१६१९). ‘ख्रिस्तपुराण’ या ओवीबद्ध मराठी ग्रंथाचे कर्ते. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात जन्मलेले हे जेझुइट धर्मोपदेशक २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले. पुढची चाळीस वर्षे, मरेपर्यंत, ते तिथेच राहिले. त्यांतली बरीचशी गोव्यातल्याच साष्टीत गेली. परकी भाषा ‘येणे’ म्हणजे काय, याचा इतका भक्कम दाखला मराठीत दुसरा नाही.

इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते, हे त्यांनी १५८३ मध्येच भावाला कळवले होते. मात्र त्यांची खरी जाण दिसते ती वेगळ्या ठिकाणी. साष्टीतले लोक घरात कोंकणी बोलत, पण पुराण ऐकत ते मराठीत. स्टीफन्स यांनी हा भेद कधी पुसला नाही. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे त्यांनी लोकांच्या बोलीत लिहिली आणि व्याकरणही त्या बोलीचेच रचले. जेझुइट पाद्री दियोगु रिबैरु यांनी भर घातलेले हे व्याकरण १६४० मध्ये साष्टीतल्या राशोलला छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानतात. ख्रिस्तकथा सांगायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी ग्रांथिक मराठी आणि ओवी निवडली.

या निवडीमागची वेदना ग्रंथातच आहे. जुनी पुराणे तर बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही, असे एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो. गोव्यात तेव्हा धर्मसत्तेने देशी ग्रंथ कसे नष्ट केले, हे ठाऊक असलेल्याला तो प्रश्न आजही टोचतो. त्यावरचे उत्तर म्हणजे १६१६ चे हे पुराण : दोन खंड, सुमारे अकरा हजार ओव्या, सुरुवातीला रीतसर नमन, आणि मराठीची मनापासून केलेली स्तुती. स्वर्गाला ते सरळ ‘वैकुंठ’ म्हणतात. ‘स्पिरितु सांतु’ (पवित्र आत्मा) मात्र पोर्तुगीजच ठेवतात. कोणता शब्द इथल्या कानाला चालेल आणि कोणत्याने घोटाळा होईल, हे कोशात बघून कळत नसते. त्यासाठी माणसांत मुरावे लागते.

पुराण छापले गेले रोमन लिपीत. देशी अक्षरांचे खिळे पाडावेत अशी त्यांची इच्छा होती. १६०८ मधल्या पत्रात त्यांनी ती वरिष्ठांना कळवली. पण जोडाक्षरे धरून साचे सहाशेच्या घरात जात होते. ते काम त्यांच्या हयातीत झाले नाही. देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत पुढे इंग्रज प्राच्यविद्या-अभ्यासक विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडनला पोहोचली.