४८ मतांनी ठरलेला खासदार: प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत जास्त न्याय्य आहे का?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात शिवसेनेचे रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ मतं मिळाली, तर शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. फरक फक्त ४८ मतांचा. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगावचा खासदार एवढ्यावर ठरला.

शेजारच्या मुंबई उत्तरमध्ये, म्हणजे बोरिवली-दहिसर-कांदिवलीत, भाजपचे पीयूष गोयल तब्बल ३,५७,६०८ मतांनी जिंकले. फरक ४८ चा असो की साडेतीन लाखांचा, दोन्हीकडे जागा एकच मिळते. मग हरलेल्या उमेदवाराला दिलेल्या मतांचं काय होतं? आणि जगातल्या अनेक देशांत वापरली जाणारी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत याहून न्याय्य आहे का?

दोन पद्धतींत फरक काय?

लोकसभा आणि विधानसभेसाठी आपल्याकडे ज्याला सर्वाधिक मतं, तो विजयी. त्याला निम्म्याहून जास्त मतं मिळायलाच हवीत, अशी अट नाही.

प्रमाणशीर पद्धतीत पक्षाला जेवढ्या टक्के मतं, साधारण तेवढ्या टक्के जागा मिळतात. त्यासाठी एका मतदारसंघातून अनेक जण निवडले जातात किंवा पक्षांच्या याद्यांना मतं दिली जातात.

उपनगरांचा हिशोब

मुंबईत उत्तर, उत्तर-पश्चिम, ईशान्य आणि उत्तर-मध्य हे चार लोकसभा मतदारसंघ पूर्णपणे उपनगरांत आहेत. मुलुंड-घाटकोपरच्या ईशान्य मुंबईत महाविकास आघाडीचे संजय दिना पाटील २९,८६१ मतांनी जिंकले, तर उत्तर-मध्यमध्ये आघाडीच्याच वर्षा गायकवाड १६,५१४ मतांनी. म्हणजे महायुती दोन, आघाडी दोन.

आता चारही ठिकाणच्या या प्रमुख उमेदवारांची मतं एकत्र करून पाहू. महायुतीला १९,८२,८९७ आणि आघाडीला १६,७१,६१६ मतं मिळाली. या दोघांत विभागणी केली तर प्रमाण साधारण ५४ विरुद्ध ४६ टक्के होतं. चार जागा या प्रमाणात वाटल्या, तरी दोन-दोनच येतात. म्हणजे निकाल प्रमाणशीरच लागला!

पण तो तसा लागला ४८ मतांमुळे. उत्तर-पश्चिममध्ये फक्त २५ मतदारांनी वायकरांऐवजी कीर्तिकरांना मत दिलं असतं, तर आघाडीकडे तीन जागा गेल्या असत्या आणि महायुतीकडे एक. तेही महायुतीला एकूण तीन लाखांहून जास्त मतं अधिक असताना. आताची पद्धत नेहमीच चुकीचा निकाल देते असं नाही. मात्र तो मतांच्या प्रमाणात लागेल याची हमी ती देत नाही.

राज्यात काय घडलं?

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस या तीन पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के मतं पडली. जागा मिळाल्या २८८ पैकी २३०, म्हणजे जवळपास ८० टक्के. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला ११.२८ टक्के मतं आणि १० जागा, तर अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९.०१ टक्के मतं आणि ४१ जागा मिळाल्या.

हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवायला हवं. कोणता पक्ष किती जागा लढवतो, यावरही त्याची टक्केवारी ठरते. शिवाय पद्धत बदलली तर युत्या आणि लोकांचं मतदानही बदलेल.

ही पद्धत आपल्याकडे आहेच

राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार पसंतीक्रमाने मत देतात. याला एकल संक्रमणीय मत म्हणतात. जुलै २०२४ मध्ये परिषदेच्या ११ जागांसाठी २७४ आमदारांनी मतदान केलं, तेव्हा विजयाचा कोटा सुमारे २३ मतांचा होता. कोट्यापेक्षा जास्त पडलेली मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. त्यामुळे विरोधी पक्षालाही आपल्या संख्येनुसार जागा मिळू शकतात.

पुणे-ठाण्यातली चार सदस्यांची प्रभाग पद्धत मात्र प्रमाणशीर नाही. तिथे प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यावं लागतं. त्यामुळे थोडी आघाडी असलेला पक्षही प्रभागातल्या सगळ्या जागा जिंकू शकतो. मुंबई महापालिकेत तर एका प्रभागातून एकच नगरसेवक येतो.

मग विरोध कशासाठी?

संविधान सभेत जानेवारी १९४९ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर पद्धतीची मागणी केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. या पद्धतीसाठी मतदार मोठ्या प्रमाणावर साक्षर हवेत, तसंच तिच्यामुळे सभागृह लहान गटांत विभागलं जाऊन सरकार अस्थिर होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

साक्षरतेचा मुद्दा आज तेवढा लागू होत नाही, पण स्थैर्याचा होतो. यादी पद्धत असलेल्या इस्रायलमध्ये एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात पाच वेळा सार्वत्रिक निवडणूक झाली.

दुसरा आक्षेप रोजच्या आयुष्यातला आहे. लोकल, पुनर्विकास किंवा पाण्याची तक्रार घेऊन मतदार ‘आपल्या’ लोकप्रतिनिधीकडे जातो. पक्षाच्या यादीतून आलेला खासदार नेमका कोणाचा? शिवाय यादीत कोणाचं नाव वर ठेवायचं, हे पक्षाचं नेतृत्व ठरवतं.

मधला मार्ग

नेपाळच्या प्रतिनिधी सभेत २७५ पैकी १६५ सदस्य मतदारसंघांतून आणि ११० पक्षांच्या याद्यांमधून येतात. न्यूझीलंडने १९९३ च्या सार्वमतानंतर मिश्र पद्धत स्वीकारली आणि १९९६ पासून तिथे तिच्यानुसार निवडणुका होतात. मतदाराला तिथे दोन मतं असतात, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. भारतातही विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेच्या जागा २५ टक्क्यांनी वाढवून त्या यादी पद्धतीने भरण्याची सूचना केली होती. ती अमलात आली नाही.

थोडक्यात

मतांचं जागांमध्ये रूपांतर करण्यापुरता प्रश्न असेल, तर प्रमाणशीर पद्धत जास्त न्याय्य आहे. तिच्यात काँग्रेसला मत देणारा बोरिवलीकर आणि भाजपला मत देणारा मुलुंडकर, दोघांचं मत जागावाटपात मोजलं जातं. त्याची किंमत म्हणून आघाडी सरकारं वाढू शकतात आणि स्थानिक प्रतिनिधीशी असलेलं नातं सैल होऊ शकतं. मिश्र पद्धतीत ही किंमत कमी होते, म्हणून भारतात बदलाची चर्चा झालीच तर ती तिथून सुरू होणं जास्त व्यवहार्य आहे.