तेहरानची न चालणारी मुले : बाळ आपोआप चालते की चालायला शिकते?

१/ मुलाचे वय तीन वर्षांहून अधिक. पायांत जन्मजात व्यंग नाही. तरीही त्याला आधाराशिवाय चालता येत नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेहरानमधील अनाथालयांत अशी मुले अपवादाने नव्हे, तर मोठ्या संख्येने आढळली. बालविकासशास्त्रातील एक भक्कम समजला जाणारा सिद्धान्त या मुलांमुळे हादरला. त्याचा हा इतिहास.

२/ पालथे पडणे, बसणे, रांगणे, धरून उभे राहणे, चालणे. हा क्रम घरातील वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असतो. शास्त्रीय परिभाषेत ही ‘स्थूल कारक कौशल्ये’ होत, म्हणजे मान, पाठ, हात व पाय यांच्या मोठ्या स्नायूंनी साधलेल्या हालचाली. त्या निसर्गतः उलगडतात की बाळ त्या सरावाने कमावते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगशाळेत पोहोचला.

३/ अमेरिकेतील येल विद्यापीठात अर्नोल्ड गेसेल यांनी त्यासाठी चलच्चित्रणाचा वापर केला. घुमटाकार कक्षात बाळ ठेवले जाई, त्याच्या हालचाली कॅमेऱ्यात टिपल्या जात आणि नंतर त्या चित्रफितींचे बारकाईने विश्लेषण होई. कोणत्या वयात बाळ काय करते, याची सविस्तर कोष्टके त्यातून तयार झाली. आजच्या बालआरोग्य तक्त्यांची मुळे काही अंशी तेथे सापडतात.

४/ १९२९ मध्ये गेसेल आणि हेलन थॉम्प्सन यांनी जुळ्या बहिणींवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकीला ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला. दुसरीचा सराव ५३ व्या आठवड्यात सुरू झाला आणि अवघ्या दोन आठवड्यांत तिने बहिणीला गाठले. गेसेल यांचा निष्कर्ष असा, की मज्जासंस्था परिपक्व होईपर्यंत शिकवणे व्यर्थ आहे आणि ती परिपक्व झाली, की फारसे शिकवावे लागत नाही.

५/ या ‘परिपक्वतावादा’ला पुढे आणखी बळ मिळाले. वेन डेनिस व मार्सेना डेनिस या दांपत्याने ॲरिझोनातील होपी आदिवासींच्या बाळांचा अभ्यास केला. पारंपरिक होपी कुटुंबांत तान्ह्या बाळाला फळीवर गुंडाळून बांधत; काही कुटुंबांनी ही प्रथा सोडली होती. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांतील मुले सरासरी सुमारे १५ महिन्यांची असताना चालू लागली. बांधून ठेवल्यानेही फरक पडत नसेल, तर सरावाचे महत्त्व ते काय?

६/ हेच वेन डेनिस पुढे तेहरानच्या अनाथालयांत गेले. त्यांचा तेथील अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या संस्थेत बाळे दिवसाचा बहुतेक वेळ खाटेवर उताणी असत. त्यांना कोणी पालथे घालत नसे, आधार देऊन बसवत नसे. मुले पुष्कळ आणि दाया मोजक्या होत्या. एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना स्वतंत्र बसता येत होते. चालणारे एकही नव्हते.

७/ दुसऱ्या संस्थेत मुख्यतः पहिल्या संस्थेतूनच आलेली मोठी मुले होती. तेथे तीन ते चार वर्षांच्या मुलांपैकी केवळ १५ टक्के मुले आधाराशिवाय चालत होती. तिसऱ्या संस्थेत मात्र दाया अधिक होत्या. बाळांना उचलून घेतले जाई, पालथे घातले जाई, टेकवून बसवले जाई. तेथील दोन वर्षांवरील बहुतेक सर्व मुले चालत होती.

८/ सर्वांत बोलका पुरावा निराळाच होता. पहिल्या दोन संस्थांतील ज्या मुलांना पुढे सरकता येत होते, त्यांतील बहुतेक मुले रांगत नव्हती. बसल्या बसल्या फरफटत पुढे जात होती. कारण उघड होते. जे बाळ कधी पालथेच पडले नाही, ते हात-गुडघ्यांवर येणार कसे? कौशल्यांचा क्रम केवळ आतल्या घड्याळाने ठरत असता, तर ही मुलेही उशिरा का होईना, आधी रांगली असती.

९/ डेनिस यांनी स्वतःच्या जुन्या मताला मुरड घातली. केवळ परिपक्वता पुरेशी नाही, संधीही हवी, असे त्यांनी मांडले. होपी बाळांचे कोडेही मग उलगडते. ती बांधलेली असली तरी घरात, माणसांत होती आणि वय वाढेल तसा फळीवरील काळ घटत जाई. हालचाल शिकण्याच्या महिन्यांत त्यांना जमीन मिळत होती. तेहरानच्या बाळांना ती मिळालीच नाही.

१०/ यानंतर पुरावे वाढत गेले. १९७६ मध्ये चार्ल्स सुपर यांनी केनियातील किपसिगिस समाजाविषयी लिहिले. तेथील आया बाळाला बसायला आणि चालायला हेतुपुरस्सर शिकवतात. ती मुले या दोन्ही गोष्टी अमेरिकी मुलांपेक्षा लवकर करतात. पण ज्या हालचाली कोणी शिकवत नाही, त्यांत अशी आघाडी दिसत नाही.

११/ नवजात बाळाला उभे धरले, की ते पावले टाकल्यासारखे पाय हलवते. दोनेक महिन्यांत ही क्रिया लोपते. मेंदू परिपक्व होताना ती दडपतो, असे मानले जाई. १९८४ मध्ये एस्थर थेलेन व सहकाऱ्यांनी बाळांचे पाय पाण्यात बुडवले आणि पावले वाढली; पायांना लहान वजने बांधली आणि पावले घटली. म्हणजे मेंदूबरोबर पायांचे वाढलेले वजन आणि स्नायूंचे बळ यांचाही त्यात वाटा होता. चालणे हा एकट्या मेंदूचा आदेश नसून शरीर, जमीन आणि सराव यांचा मेळ आहे.

१२/ कोष्टकाचा काटेकोरपणाही सैलावला. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका येथील ८१६ निरोगी मुलांच्या नोंदी २००६ मध्ये प्रसिद्ध केल्या. स्वतंत्र चालण्याचा कालावधी ८.२ ते १७.६ महिने इतका विस्तृत निघाला. ४.३ टक्के मुले तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही चालली. शेजारच्या बाळाशी तुलना करून घाबरणाऱ्या पालकांना हा मोठा दिलासा होता.

१३/ गेसेल पूर्णतः चुकले होते, असे मात्र नव्हे. बाळाला घाईने चालवता येत नाही, हे त्यांचे म्हणणे बव्हंशी खरे ठरले. पण ‘वेळ आली, की होईल’ या वाक्यात एक गृहीतक दडलेले असते. बाळाला उचलणारे हात, पालथे पडण्यास जागा आणि धडपडण्याची मोकळीक मिळतेच, हे ते गृहीतक. तेहरानमध्ये तेच खोटे ठरले.

१४/ २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालील मुलांसाठी शिफारशी केल्या. एक वर्षाखालील बाळाला जागेपणी दिवसभरात किमान ३० मिनिटे पालथे ठेवावे. एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज किमान १८० मिनिटे हालचाल मिळावी. बाबागाडीत वा खुर्चीत सलग एक तासाहून अधिक काळ जखडून ठेवू नये. या शिफारशी साध्या वाटतात. पण ते साधेपण न मिळाल्याने काय होते, हे तेहरानच्या त्या मुलांनी कितीतरी वर्षे आधी दाखवून दिले होते.