वेळेवर म्हणजे किती वेळात?

कासारवाडीच्या फलाटावर लोकलची वाट पाहत उभे राहिले की वेळेचे दोन हिशेब एकदम दिसतात. खाली १८५८ साली सुरू झालेला खंडाळा-पुणे लोहमार्ग, आणि वर लोहगावकडे उतरत जाणारी विमाने. मुंबईहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना शिवाजीनगर ते पुणे या शेवटच्या छोट्याशा टप्प्यासाठी वेळापत्रकात जी मिनिटे दिलेली असतात, ती उलट दिशेने जाणाऱ्या गाड्यांना दिलेल्या मिनिटांहून बरीच अधिक भरतात. वाटेत रेंगाळलेली गाडीही त्यामुळे पुण्यात 'राइट टाइम' दाखल होऊ शकते. हीच युक्ती आकाशातही चालते, आणि तिचा इतिहास आम्हांला विशेष उद्बोधक वाटतो.

आपल्या भाषेत प्रवाशाला दोन वेगळे प्रश्न विचारता येतात: 'किती वाजता पोचलात?' आणि 'किती वेळ लागला?' पहिल्याचे उत्तर घड्याळ देते, दुसऱ्याचे घटिकापात्र. पाण्यावर सोडलेली, तळाला बारीक छिद्र असलेली वाटी बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे सरली. किती वाजले आहेत हे त्या वाटीला ठाऊक नसते. ती फक्त मधला काळ मोजते. विमानवाहतुकीची परीक्षा घेताना यांतला कोणता प्रश्न विचारायचा, हाच खरा वाद आहे.

भारतीय नागरी विमानवाहतुकीच्या आरंभी हा वाद उद्भवला नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानातून टपाल घेऊन सकाळी ६.३५ ला कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी १.५० ला जुहूला उतरले. पुढचा बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार पाडला. बिनतारी यंत्र नव्हते. रात्री उतरण्याची सोयही नव्हती. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने, वैमानिक आणि मेकॅनिक असे सगळे बिऱ्हाड पुण्याला हलवले जाई आणि येरवडा तुरुंगाजवळच्या एका मैदानावरून उड्डाणे होत. अशा अवस्थेत, सह्याद्रीवरचा पाऊस अंगावर घेत, या सेवेने पहिले वर्ष शंभर टक्के वक्तशीरपणे पुरे केले. सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याने त्याबद्दल तिला आदर्श म्हणून गौरवले.

त्या शंभर टक्क्यांचा अर्थ मात्र नीट लावायला हवा. मोजले जात होते ते हे, की कराचीला इंपीरियल एअरवेजच्या विमानाशी टपालाची गाठ पडली की चुकली. ती मुदत टाटांच्या हातातली नव्हती. परीक्षार्थी आणि प्रश्नपत्रिका काढणारा वेगळे होते, म्हणून त्या आकड्याला वजन आहे.

आजची गोष्ट निराळी. नागरी विमानवाहतूक महासंचालनालय दरमहा कंपन्यांच्या वक्तशीरपणाची टक्केवारी प्रसिद्ध करते. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांपर्यंतचे विमान 'वेळेवर' धरले जाते. पण ठरलेली वेळ मांडते कोण? स्वतः विमानकंपनी. गर्दी वाढली की ती वेळापत्रकात दहा मिनिटे वाढवते, आणि टक्केवारी सुधारते. विमान हवेत पूर्वीइतकेच, कधी त्याहून अधिक, ताटकळलेले असते. अमेरिकेत १९८७पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या वेळा सरकारकडे कळवाव्या लागल्या, आणि तिथल्या वेळापत्रकांतही ही सूज पुढे दिसून आली. आम्ही हिला लबाडी म्हणणार नाही. पुढचे विमान गाठायचे असलेल्या प्रवाशाला अशा खात्रीच्या वेळेचा उपयोगच होतो. फक्त तिच्यावरून आकाशाच्या कारभाराची पारख करता येत नाही.

त्यासाठी घटिकापात्राकडेच वळावे लागते. विमान जागेवरून हलले, चाके जमिनीवरून सुटली, पुन्हा टेकली आणि विमान थांबले, या चार क्षणांची नोंद ठेवली की धावपट्टीपर्यंतच्या रांगेत किती वेळ गेला, हवेत किती आणि उतरल्यावर किती, हे वेगळे काढता येते. मग रस्ता मोकळा असताना तेच अंतर कापायला लागणाऱ्या वेळेशी तुलना करायची. वाऱ्याचा हिशेब अर्थातच धरावा लागतो. हिवाळ्यात कोलकात्याहून मुंबईला येणाऱ्या विमानाला पश्चिमेचा वारा समोरून झेलावा लागतो, जाणाऱ्याला तो पाठीशी लाभतो. युरोपात १९९८ साली स्थापन झालेला कामगिरी-समीक्षा आयोग विमानतळाभोवतीच्या चाळीस सागरी मैलांतला, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटरांतला, असा वाढीव वेळ मोजतो. तिथे वेळापत्रकाला काही किंमत नाही.

मुंबईत हा प्रश्न फेब्रुवारी २०२४ मध्ये ऐरणीवर आला. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. केंद्रीय मंत्रालयाने गर्दीच्या तासांतली उड्डाणे-उतरणी ताशी ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळची ४४ वरून ४२ वर आणली. कारण देताना त्याने वक्तशीरपणाच्या टक्केवारीवर भिस्त ठेवली नाही. शहरावर चाळीस ते साठ मिनिटे घिरट्या घालणारी विमाने आणि ताशी सरासरी दोन हजार किलो जळणारे इंधन, असा हिशेब त्याने मांडला. चाळीस मिनिटांचे सुमारे १.७ किलोलिटर.