तेजींतले करार आणि मंदींतला कुणबी

महागाई व मंदी ह्या एकमेकींच्या विरुद्ध आपत्ती आहेत, असें गृहीत धरण्याचा प्रघात आहे. भाव चढले म्हणजे ते उतरावे म्हणून लोक देव पाण्यांत घालून बसतात. आणि ते खरोखरच उतरले म्हणजे धंदा बसला, रोजगार गेला अशी ओरड ऐकूं येते. ह्यावरून सामान्य जनांस आपलें हित कळत नाहीं, असा निष्कर्ष कित्येक विद्वान काढतात. आमच्या मतें ही दुहेरी भीति निराधार नाहीं. ती खरी कशी ठरते हें पाहण्यास १८६१ ते १८७५ ह्या काळांतील मुंबईचा व पुणें जिल्ह्याचा इतिहास पुरेसा आहे.

१८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांस लागणारा बहुतेक कापूस तोंपर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येत असे. उत्तरेच्या आरमारानें तेथील बंदरें अडवितांच तो पुरवठा आटला व सर्वांची दृष्टि हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. मुंबईंत पैशाचा पूर आला. पैसा पुष्कळ आणि तो गुंतविण्याच्या जागा थोड्या, म्हणून नित्य नव्या पेढ्या व कंपन्या निघूं लागल्या. बॅक बे येथील समुद्र हटवून जमीन काढण्यासाठीं निघालेल्या कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेला. १८६४ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. परंतु ज्यांचा पगार ठरलेला, त्या कारकून-शिपायांच्या वांट्यास ह्या सुवर्णयुगांतून धान्य, सरपण व घरभाडें ह्यांची वाढ तेवढी आली.

९ एप्रिल १८६५ रोजीं जनरल ली शरण गेला व कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशीं मोठमोठ्या पेढ्यांचें दिवाळें उघडकीस आलें. शेअरांच्या तारणावर सढळ हातानें कर्जें देणारी बँक ऑफ बाँबे १८६८ त गुंडाळावी लागली. १८७२ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ६,४४,४०५ वर आलेली दिसते. म्हणजे आठ वर्षांत पंचमांशाहून अधिक माणसें कमी झालीं.

मुंबईचा व्यापारी बुडाला तो सर्वांच्या देखत बुडाला. देशावरचा कुणबी मात्र हळूहळू बुडत होता. भीमथडी-इंदापुराकडील जमीन मुख्यतः जोंधळ्या-बाजरीची. पण कापसाच्या पैशानें आणि रेल्वेच्या कामावरील मजुरीनें तेथेंही धान्याचे भाव चढले होते. माल महाग, म्हणून कुणब्याची पत मोठी; पत मोठी, म्हणून सावकाराची थैली सैल. ह्याच सुमारास जुन्या जमाबंदीची तीस वर्षांची मुदत भरली. १८६७ त इंदापुरापासून फेरपाहणीस आरंभ झाला आणि तेजींतले भाव नजरेसमोर ठेवून सारा वाढविण्यांत आला. पुढें भाव उतरले. सारा उतरला नाहीं, कर्जाचा आंकडाही उतरला नाहीं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळें रोखा तीन वर्षांनीं निरुपयोगी होई. ऋणकोच्या रक्षणासाठीं केलेल्या ह्या कायद्याचा परिणाम उलटाच झाला. दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहिला जाई, आणि निरक्षर कुणबी त्यावर निशाणी करी. पूर्वी जें देणें चार पोत्यांत फिटलें असतें, त्यास आतां आठ पोतीं पुरेनात.

१८७० त स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ह्या स्थितीची चौकशी करून १८७३ त आपला अहवाल प्रसिद्ध केला. १८७४ त सरकारासही साऱ्याच्या वाढीस मर्यादा घालणें भाग पडलें. परंतु उशीर झाला होता. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत भोंवतालच्या गांवचे कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर त्यांनीं हल्ला केला. दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लूट व जाळपोळ कांहीं ठिकाणीं झाली खरी. परंतु बहुतेक ठिकाणीं लोकांनीं रोखे व हुकूमनामे मागितले, ते मिळतांच जाळले, आणि ते मुकाट्यानें देणाऱ्या सावकाराच्या अंगास सहसा हात लावला नाहीं. आपला खरा शत्रु माणूस नसून कागद आहे, एवढें त्यांस उमगलें होतें.

कुणबी लग्नकार्यांत उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, हा त्या काळचा आवडता सिद्धांत. दंग्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनानेंच ह्या कारणास वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें गेल्याचें म्हटलें. पुढें १८७६-७८ चा घोर दुष्काळ येऊन गेला आणि मग १८७९ त दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. रोख्यावरचा आंकडा प्रमाण न मानतां कर्जाचा सारा इतिहास तपासण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशास दिला.

ह्या हकीकतीवरून दिसतें तें असें कीं, महागाई व मंदी ह्या दोन आपत्ती नसून एकाच आपत्तीचीं दोन टोंकें आहेत, आणि त्यांस जोडणारा दोर म्हणजे तेजींत केलेला करार. भाव चढतात व उतरतात. कर्ज, सारा, भाडें हीं मात्र चढत्या काळांत जेथें ठरलीं तेथेंच उभीं राहतात. म्हणून आजही भाववाढीची चर्चा करतांना बाजारांतील दर पाहून भागणार नाहीं. त्या दरांच्या भरंवशावर सामान्य मनुष्यानें कोणता कागद लिहून दिला आहे, हें अगोदर विचारलें पाहिजे. सुप्याच्या कुणब्यांनीं तें विचारलें होतें. दुर्दैव एवढेंच कीं, तोंपर्यंत त्यांना विचारणारें कोणी नव्हतें.