काठीभोवतीचा वारा

आज पुलाचा आराखडा संगणकावर चढवला की पडद्यावर निळे-तांबडे भोवरे फिरू लागतात आणि वारा कुठे जोर करणार ते दिसते. या विद्येचा पाया घालणारे मात्र पूल बांधणारे नव्हते, आणि त्यांच्याजवळ संगणकही नव्हता. 1933 मध्ये अलेक्झांडर थॉम या स्कॉटिश अभियंत्याने गोल दांड्याभोवतीचा प्रवाह हाताने आकडेमोड करून काढला. प्रवाहावर रेघांची जाळी टाकायची, जाळीतल्या एकेका बिंदूवरची किंमत शेजारच्या बिंदूंवरून काढायची आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा करायचे.

जपानच्या मितुतोसी कावागुतींनी तर कहर केला. यांत्रिक गणनयंत्र घेऊन ते आठवड्याला वीस तास, असे दीड वर्ष बसले. 1953 साली हाती आला तो अगदी संथ प्रवाह: दांड्यामागे दोन भोवरे चिकटून राहतात, सुटून पुढे जात नाहीत. एवढ्यासाठी एवढा खटाटोप!

पूल बांधणाऱ्यांना तोवर भोवऱ्यांनी चांगलाच हिसका दाखवला होता. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल 1 जुलै 1940 रोजी खुला झाला आणि 7 नोव्हेंबरला कोसळला. मधला गाळा 853 मीटरचा, रुंदी अवघी 12 मीटर. कडेच्या तुळया भरीव पत्र्याच्या, त्यामुळे वाऱ्याला आरपार जायला वाट नाही. ताशी 68 किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात रस्ता पिळवटू लागला. प्राध्यापक फर्कहार्सन याच पुलाची प्रतिकृती करून वाऱ्याचे प्रयोग करत होते. तुळयांना भोके पाडा, नाहीतर कडेला वारा वळवणारी आच्छादने बसवा, असे उपायही त्यांनी सुचवले होते. त्या सकाळी ते स्वतः पुलावर होते. ते बचावले, पूल गेला.

पाठ्यपुस्तके ही घटना अनुनादाच्या, म्हणजे वाऱ्याच्या धक्क्यांची लय पुलाच्या लयीशी जुळण्याच्या, खात्यावर टाकून मोकळी होतात. ते अपुरे आहे. पूल पिळवटला की भोवतालचा वारा बदलतो आणि बदललेला वारा पुलाला आणखी पिळतो, असे ते दुष्टचक्र होते. म्हणजे पूल स्थिर धरून वारा मोजणे पुरेसे नव्हते.

टॅकोमाच्या चौकशी समितीत थिओडोर फॉन कार्मान होते. दांड्यामागे आलटून पालटून सुटणाऱ्या भोवऱ्यांच्या रांगेला त्यांचेच नाव आहे. ती रांग 1963 मध्ये लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेत फ्रान्सिस हार्लो आणि जेकब फ्रॉम यांनी संगणकावर उमटवली. त्यांचा अडथळा गोल नव्हता, आयताकृती होता.

तरी पुलांच्या कामात ही विद्या लगेच आली नाही. मोठ्या पुलाभोवतीचा खवळलेला वारा तेव्हाच्या यंत्रांच्या आवाक्यातला नव्हता. रॉबर्ट स्कॅनलन यांनी 1971 मध्ये वेगळी वाट दाखवली: विंड टनेलमध्ये पुलाचा छोटा तुकडा हलवून वारा त्याला किती साथ देतो ते मोजा, आणि त्यावरून अख्ख्या पुलाचे गणित करा. नव्वदच्या दशकात डेन्मार्कमध्ये अॅलन लार्सन आणि येन्स वाल्टर यांनी हीच मापे संगणकातून काढायला घेतली. त्यांनी जाळी टाकलीच नाही. पुलाच्या कडेवरून सुटणारा एकेक भोवरा सुटा धरून त्याचा माग काढला.

त्याच देशातला 1624 मीटर गाळ्याचा ग्रेट बेल्ट पूल बांधकाम संपता संपता जेमतेम वाऱ्यात वरखाली होऊ लागला. तळाच्या कोपऱ्यांवर वाकवलेल्या पट्ट्या बसवल्यावर तो स्थिरावला. पोलादी पेटीसारख्या एवढ्या मोठ्या पुलाचा स्वभाव दोन कोपरे बदलल्याने पालटला.

चीनमधल्या हुमेन पुलाने 2020 च्या मे महिन्यात हेच उलट्या बाजूने दाखवले. वादळ नव्हते, पूल 1997 पासून वापरात होता. दुरुस्तीसाठी कडेने पाणी भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे ओळीने मांडले होते, तेवढ्याने त्याचा आकार वाऱ्याच्या लेखी बदलला आणि रस्ता लाटेसारखा हलू लागला. वाहतूक थांबवून ते अडथळे उचलावे लागले.